वाट दाखवण्याची दलाली

शेतमालाच्या बाजारात मधला माणूस किती घेतो, हे शेतकऱ्याला पट्टीवर वाचता येते. 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले. रक्कम उघड होती म्हणून भांडणही उघड झाले. पोरगा व्यसनापायी हाताबाहेर गेला म्हणून जळगावचे किंवा धुळ्याचे आईबाप कुणाला तरी विचारतात, 'याला कुठे ठेवता येईल?', तेव्हा उत्तर देणाऱ्याला त्या उत्तराचे कुणाकडून काय मिळते, हे मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. तो कधी घरचा डॉक्टर असतो, कधी औषध दुकानदार, कधी समुपदेशकाची पाटी लावलेला गृहस्थ, तर कधी त्याच व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन आलेला गावातला माणूस. सल्ला फुकट असतो आणि बहुधा आपुलकीच्या सुरात दिलेला असतो. अशा सल्ल्यामागे केंद्राकडून मिळणारी दलाली वाईट का, असे विचारले की लोक म्हणतात, बिल फुगते. ते खरे आहे, पण दुय्यम आहे. मुख्य दोष असा की दलाली फक्त 'भरती करा' या उत्तरालाच मिळते. 'घरीच ठेवा, दर आठवड्याला ओपीडीत आणा' असे सांगणाऱ्याला जगात कोणी कमिशन देत नाही. त्यामुळे मुलाला बंद दारामागे ठेवायचे की नाही, हा पहिला प्रश्न विचारलाच जात नाही. विचारले जाते ते एवढेच की कुठे ठेवायचे.

खानदेशात हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला भूगोल कारण आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने, जळगावचे 2018 मधले. तिथे मानसोपचाराची ओपीडी असते, पण 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' पोराला नेताना ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने घरचे तिकडे फिरकत नाहीत. लांबचे गाव बरे वाटते. पुण्याचे मुक्तांगण 1986 मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीने सुरू केले, तेव्हापासून व्यसनमुक्ती म्हणजे घरापासून दूर जाऊन राहणे, हे चित्र मराठी मनात पक्के बसले. त्या संस्थेने ते विश्वासाने कमावले, पण पुढे त्या विश्वासावर कितीतरी पाट्या लागल्या. इकडे खानदेशात नशेचा माल मुबलक. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी असली तरी मध्य प्रदेश आणि गुजरातच्या सीमा जवळ आहेत, आणि शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाच्या शेतीवर पोलिसांनी छापा टाकल्याच्या बातम्या वरचेवर येतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या 2019 च्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर मुला-किशोरांत 1.17 टक्के निघाले. थोडक्यात, गरज खरी आहे, वाट माहीत नाही आणि लाज मोठी आहे. मध्यस्थ उगवतो तो अशाच जमिनीत.

कटाची, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या कमिशनची, पावती कोणी फाडत नाही, म्हणून पुरावा जिथे हाती लागला आहे तिथूनच सुरुवात करावी लागते. 2013 मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे एका तपासणी केंद्राचा 1,200 रुपयांचा धनादेश आला. रुग्ण पाठवल्याबद्दलची ती रक्कम होती. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या डॉक्टरांनी थेट वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कमिशन घेणे आणि देणे दोन्ही निषिद्ध होते, तरीही तो धनादेश नेहमीच्या टपालासारखा येऊन पडला होता, यातच त्या प्रथेचे वय कळते. 2017 मध्ये मुंबईच्या एशियन हार्ट रुग्णालयाने 'आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही' अशा अर्थाचा फलक लावला. फलक खोटा आहे असे कोणी म्हणाले नाही, पण इंडियन मेडिकल असोसिएशनला तो झोंबला. त्याच वर्षी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. त्यात तुरुंगवासाची तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही.

हा झाला डॉक्टरांचा कट. निदान त्यांच्यावर परिषद आहे आणि काढून घेण्यासारखा परवाना आहे. व्यसनमुक्ती केंद्राकडे बोट दाखवणारे बहुतेक लोक डॉक्टर नसतात, त्यामुळे आचारसंहिता त्यांना शिवतही नाही. हा व्यवहार मोकळा सोडला की कुठवर जातो, हे अमेरिकेत दिसले. तिथे 'बिघडलेल्या' किशोरांना वाळवंटातल्या छावण्यांत आणि बंद निवासी शाळांत पाठवण्याचा मोठा धंदा उभा राहिला, आणि त्याच्या दारात आईबापांना फुकट सल्ला देणाऱ्या सेवा आल्या. 2008 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने खोटे पालक बनून अशा एका सेवेला तीन वेगवेगळे फोन केले आणि तीन वेगवेगळ्या काल्पनिक मुलांच्या तक्रारी सांगितल्या. प्रत्येक मुलाची परिस्थिती स्वतंत्रपणे पाहतो, असा त्या सेवेचा दावा होता. तिन्ही वेळा मिसुरी राज्यातली एकच संस्था सुचवली गेली. चौकशीत निघाले की सल्ला देणाऱ्या सेवेचे आणि त्या संस्थेचे मालक एकमेकांचे नवरा-बायको. मुले तीन असोत की तीनशे, उत्तर आधीच ठरलेले होते. पुढे 2018 मध्ये अमेरिकेने व्यसनोपचाराच्या क्षेत्रात रुग्णामागे लाच देण्याघेण्याविरुद्ध स्वतंत्र संघीय कायदा केला.

आपल्याकडे मात्र असे उत्तर आधी ठरवण्याला कायद्याचाच विरोध आहे, आणि ही गोष्ट खानदेशात फार थोड्या पालकांना कोणी सांगते. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही त्याच्या व्याख्येत येतात. त्याचे 87 वे कलम सावकाश वाचण्यासारखे आहे. अठराखालच्या मुलाला दाखल करणे हा अपवाद आहे. पालकाने अर्ज करायचा. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा डॉक्टर यांनी, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासायचे. आजार तेवढा गंभीर आहे, दाखल करणे मुलाच्या हिताचे आहे आणि समाजात राहून करता येणारे उपचार फसले आहेत किंवा उघडच गैरलागू आहेत, असे दोघांचे मत पडले पाहिजे. मुलाचे म्हणणेही लक्षात घ्यायचे. त्याला मोठ्यांपासून वेगळे ठेवायचे, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मुक्कामभर सोबत राहायचे. 72 तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे, आणि मुक्काम तीस दिवसांपुढे गेला तर मंडळाने तपासणी करायची. आता जे केंद्र पहिला महिनाभर आईलाही भेटू देत नाही, जे घरून 'उचलून' नेण्याची सोय जाहिरातीत मिरवते आणि सोळा वर्षांच्या पोराला चाळिशीच्या दारुड्यांच्या हॉलमध्ये गादी टाकून देते, ते या कलमात कुठे बसते ते वाचकाने पाहावे. उचलून नेणारी गाडी निघते तेव्हा दोन तज्ज्ञांपैकी एकानेही मुलाला पाहिलेले नसते. प्रवेशाचा निर्णय सल्ला देणाऱ्याच्या फोनवर होऊन गेलेला असतो.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी आहे. जिथे तज्ज्ञच दुर्मीळ आहेत, तिथे मध्यस्थ निदान एका खाटेपर्यंत तरी पोचवतो. पण खाट मिळाली म्हणजे उपचार मिळाले असे नाही, आणि नोंदणी असली म्हणजे मूल सुरक्षित असे तर मुळीच नाही. एरंडोल तालुक्यातल्या खडके बुद्रुकच्या बालगृहात मुलींवर अत्याचार झाल्याचा गुन्हा 2023 मध्ये दाखल झाला. ते बालगृह होते, व्यसनमुक्ती केंद्र नव्हे, पण बंद दाराचा धोका दोन्हीकडे सारखाच. सल्ला देणाऱ्याचे काम दाराशी संपते, कारण त्याचे पैसेही दाराशीच संपतात. आत काय चालले आहे हे पाहण्याचे त्याला कारण उरत नाही. तक्रार करण्याचे कारण तर त्याहून कमी.

दुसरा आक्षेप बऱ्या झालेल्या माणसांचा. ते स्वतः त्या नरकातून बाहेर आले, आता दुसऱ्याला नेतात. त्यात वाईट काय? नेण्यात काहीच वाईट नाही. व्यसनमुक्तीची चळवळ अशाच माणसांवर उभी आहे, आणि त्यांचा प्रवासखर्च द्यायलाही हरकत नसावी. फक्त तो आणलेल्या डोक्यांवर मोजू नये. माझ्या मते कृतज्ञता आणि भरती यांतली रेघ तिथेच पडते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. जननी सुरक्षा योजनेत सरकार 2005 पासून आशा सेविकांना रुग्णालयातल्या प्रसूतीमागे मोबदला देते, मग व्यसनमुक्तीच्या सल्ल्यालाच सोवळे का? उत्तर तपशिलात आहे. आशाताईंचा दर जाहीर असतो, तो रुग्णालय देत नाही, आणि रुग्णालयातली प्रसूती जवळजवळ प्रत्येक बाईच्या भल्याची असते, याला भरपूर आधार आहे. किशोराला कोंडणे हे जवळजवळ प्रत्येक किशोराच्या भल्याचे असते, असे कुठलेच शास्त्र म्हणत नाही. योग्य उत्तर मुलागणिक बदलते, म्हणून त्याला एकच बक्षीस लावले की उत्तर बिघडते. उलट हाच दाखला सरकारला वापरता येईल. मुलाला जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीपर्यंत नेण्याचा मोबदला ठरवावा, आणि पुढे तो भरती झाला की घरी गेला यावर त्यातला एक पैसाही अवलंबून ठेवू नये. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक 2022 पासून आहे. पण चोपड्याच्या आईला रात्री फोन लावता येतो म्हणजे सकाळी कोणी सोबत चालते असे नाही, आणि दलाल सोबत चालतो, ही त्याची खरी ताकद आहे.

दलालीवर बंदी घातली की धंदा भूमिगत होईल, असेही म्हणतात. तो आताही जमिनीखालीच आहे. म्हणून शिक्षेआधी उघडेपणा हवा. प्रत्येक नोंदणीकृत केंद्राने दाखल पत्रकावर 'कोणी पाठवले आणि त्याला काय दिले' असा रकाना ठेवावा, आणि अठराखालच्या मुलाच्या बाबतीत ते पान 72 तासांच्या सूचनेसोबत पुनर्विलोकन मंडळाकडे जावे. खोटे लिहिणारे लिहितीलच, पण मग ते सरकारी कागदावर केलेले खोटे ठरेल. आज 2017 च्या त्याच कायद्यात नोंदणीशिवाय केंद्र चालवणाऱ्याला पहिल्या वेळी 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. त्या केंद्रात मूल आणून सोडणाऱ्याबद्दल दंडाच्या त्या कलमात काहीच लिहिलेले नाही.