कूस, वजरी आणि वाटीभर खोबरेल

उसाच्या पानाची कड शेंड्याकडून बुडाकडे बोटानं चाचपली की करवतीचे दात लागतात. ऊस हे मुळात गवतच. जमिनीतली सिलिका शोषून ते पानाच्या कडेवरच्या बारीक काट्यांत साठवतं. पण तोडणाऱ्या बाया पानाला फारसं बोल लावत नाहीत. त्यांचा राग कुसेवर. पान जिथं कांड्याला वेढून बसतं, त्या देठावर ही बारीक टोकदार लव असते. ती टोचते, मोडते आणि कातडीतच राहते. "पानाचं कापलेलं दिसतं तरी, कूस दिसत बी नाय आन् रातच्याला झोपू बी देत नाय," पाथर्डीकडच्या एका मावशींनी सांगितलं.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू केला. त्यानंतर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या लोणी, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आणखी पसरत गेला. दिवाळीच्या आगेमागे तिथं टोळ्या उतरतात. काही बीडच्या आष्टी-पाटोद्याच्या, काही याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावच्या. जिल्ह्याचा कोरडा कोपरा बागायती कोपऱ्यातला ऊस तोडतो.

पहाटे फडात शिरण्याआधीची तयारी पाहण्यासारखी असते. साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, बाह्या मनगटाशी सुतळीनं आवळलेल्या. डोकं, कान आणि गळा एकाच फडक्यात. पिंढऱ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, पायांत मोजे. डाव्या हातावर बोटं कापलेला आणखी एक मोजा, कारण ऊस डाव्या मुठीत धरायचा, पान आणि कूस आधी त्याच हाताला भिडते. उजवा हात मात्र उघडा. रबरी मोज्यात घामानं कोयत्याची मूठ फिरते आणि फिरलेला कोयता थेट नडगीवर येतो. हे सगळं त्यांनी एकमेकींचं बघून बसवलेलं आहे. कुणी शिकवलेलं नाही आणि कारखान्यानं दिलेलंही काही नाही.

उसाच्या वाणाचं वर्णन करताना कृषी शास्त्रज्ञ देठावर कूस आहे की नाही, हे नोंदवतात. टोळीतल्या बायकांना वाणांचे आकडे ठाऊक असतीलच असं नाही. पण फडाच्या बांधावर उभं राहून, एक देठ सोलून, आज रात्री किती खाजणार हे त्या सांगतात.

खरी निगा संध्याकाळी. आल्या आल्या पाणी घ्यायचं नाही, हा पहिला नियम. आधी कपडे कोपीबाहेर, म्हणजे तळावरच्या झोपडीबाहेर, झटकायचे, मग कोरड्या सुती फडक्यानं वरून खाली एकाच दिशेनं अंग पुसायचं. ओल्या हातानं चोळलं तर कूस आणखी आत जाते. मग पाचटाच्या जाळावर तापवलेलं पाणी. बऱ्याच कोप्यांत एकच साबण असतो, कपड्यांचा. तो मळ काढतो, तसं कातडीचं स्वतःचं तेलही काढून नेतो. न्हाणी म्हणजे चार मेढी आणि भोवती गुंडाळलेली साडी. म्हणून बायका अंधाराची वाट बघतात आणि तोवर घाम, कूस, धूळ अंगावरच वाळत राहते. कमरेला परकराच्या नाडीचा काच असतो, पाळीच्या दिवसांत मांड्या सोलवटतात. या जागांना पाणी लागायला हवं आणि नेमक्या त्याच जागा उघड्यावर धुता येत नाहीत. दार असलेली न्हाणी आणि दोन बादल्या पाणी, एवढ्यानं इथली निम्मी दुखणी हटतील, असं मला तिथं उभं राहून ठामपणे वाटलं.

अंग दमट असतानाच वाटीतलं खोबरेल लावायचं. थंडीनं गोठलेलं असतं, चुलीजवळ ठेवून पातळ करतात. दंड, मान, पोटऱ्या होतात, पण सगळ्यात जास्त वेळ जातो टाचांवर. तळहात आणि तळपाय यांच्या कातडीत तेलग्रंथी नसतातच. शरीराचा बाकीचा भाग थोडंफार स्वतःला वंगण देतो, या दोन जागांना ते बाहेरूनच द्यावं लागतं. म्हणून नगरच्या कोरड्या थंडीत भेगा आधी तिथं पडतात. पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे, मग वजरीनं घासायचे. सासूकडून आलेली पितळी वजरी एकीजवळ होती, खालचे दात झिजून गुळगुळीत झालेले. बाकीच्या विटेच्या तुकड्यावर भागवतात. खोल भेगेत मेणबत्तीचं मेण खोबरेलात वितळवून, सोसेल इतकं कोमट झाल्यावर भरतात.

तळहाताला मात्र कुणी वजरी लावत नाही. "घट्टे गेले तर उद्या कोयता कशानं धरू, ताई?" एकीनं मला विचारलं. कोणती जाड कातडी काढायची आणि कोणती जपायची, याची ही समज मला कुठल्याही मलमाच्या जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते.

ही समज हरते ती नायट्यापुढे. ओल्या कपड्यांत बारा तास काढल्यावर जांघेत, काखेत, कमरेला तो पसरतो. गावातल्या मेडिकलमधून ट्यूब येते. अशा कित्येक मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि आत बुरशी निवांत वाढते. पुढं कातडी पातळ होते, नायटा ओळखू येईनासा होतो, साध्या औषधाला दाद देत नाही. चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकू नयेत म्हणून केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नियम कडक केले. पण टोळीचा माणूस डॉक्टरकडे जाणार कधी? नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मजुरी टनावर. जानेवारी २०२४ च्या करारात टनाला साधारण ३६६ रुपये ठरले. दोघं दिवसाला दोनेक टन तोडतात. दवाखान्याचा दिवस म्हणजे खाडा, आणि तो आगाऊ घेतलेल्या उचलीवर चढतो. शिवाय एकट्या बाईच्या अंगावर उपचार करून भागत नाही, कारण कोपीत पांघरूण, फडकी, कपडे सगळ्यांचे एकत्र. घरात ज्यांना ज्यांना नायटा झालाय त्या सगळ्यांना औषध, सलग काही आठवडे लागतं. साखर आयुक्तालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत सगळ्यांना टोळ्यांचे तळ ठाऊक असतात. त्वचेची तपासणी तळावर येणं अवघड नाही.

तेल लावण्याचा क्रमही कारखाना ठरवतो. तुटलेला ऊस ठेवला की वजन आणि साखरेचा उतारा घटतो, म्हणून वाहन येईल तेव्हा भरायचं, मग रात्रीचे अकरा वाजोत की दोन. रात्री ट्रक लागणार असं मुकादमानं सांगितलं असेल, तर बायका त्या दिवशी टाचा, पोटऱ्या, मान एवढंच करतात. हात कोरडे ठेवतात. तेलकट हातातून मोळी सुटते आणि फळीवर चढलेल्या बाईचा तोल जातो. हातांना तेल मग ट्रक गेल्यावर, झोपेपूर्वी, वाटीत उरलं असेल तर.