उरला तो दोषी? शेषवत् अनुमान आणि इंजिनाचा संगणक

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, की न्यायदर्शनातलं अनुमान डोंगरावरच्या धुराच्या पुढे कधी जातं का. रास्त प्रश्न आहे. आम्ही मास्तरांनी तो डोंगर शिकवून शिकवून पार झिजवून टाकलाय. म्हणून आज गॅरेजमध्ये जाऊ. व्हॅन बंद पडली आहे आणि मेकॅनिक म्हणतो, ‘काका, ईसीएम गेलाय.’ हे तो कशावरून म्हणतो?

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, एका चपट्या डब्यात बसलेला. क्रँकशाफ्ट या क्षणी कुठे आहे, इंजिन किती तापलंय, हवा किती आत येतेय, हे त्याला सेन्सर सांगतात. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे तो ठरवतो. त्याला स्वतःला डोळे नाहीत. तारांतून येणाऱ्या विजेवरून तो जग ओळखतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. शेषवत्‌चा एक अर्थ वात्स्यायन असा लावतो, की शक्यता मांडायच्या, एकेक बाद करत जायची, उरेल ती खरी. त्याचं उदाहरण शब्दाचं आहे. शब्द हे द्रव्य, गुण की कर्म? द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून गुण. ईसीएमचं निदान बहुतेक वेळा याच जातीचं असतं. डबा उघडून क्वचित एखादा जळका डाग दिसतो. एरवी बाकी सगळे निर्दोष ठरले, म्हणून हा दोषी. आता मला सांगा, अशा अनुमानाची भिस्त कशावर? यादी पुरी होती का, आणि प्रत्येकाला बाद करताना नीट तपासलं होतं का, यावर.

आमच्या भागात शाळेची मुलं नेणारे एक व्हॅनवाले आहेत. जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असताना, त्यांची गाडी अडली. सेल्फ फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. किल्ली ऑन केली तरी चेक लाइट लागेना. स्कॅनर लावला, तर तोही ईसीएमशी बोलेना. गॅरेजने सांगितलं, ईसीएम बदला. खर्च त्यांच्या दोनेक महिन्यांच्या कमाईएवढा. आणि मुलं एकदा दुसऱ्या व्हॅनला गेली की त्या वर्षी परत येत नाहीत.

हेतू तपासू या. ‘लाइट नाही, संवाद नाही, म्हणून ईसीएम मेला.’ हा सव्यभिचार हेतू झाला, म्हणजे साध्य जिथे नाही तिथेही ही खूण सापडते. मेलेला संगणक बोलत नाही हे खरं, पण उपाशी संगणकही बोलत नाही! फ्यूज उडालेला असो, मेन रिले लागत नसो, अर्थिंगची तार गंजलेली असो, खूण तीच. आणखी एक शक्यता लोक हमखास विसरतात. बऱ्याच सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा ईसीएम स्वतःच करतो. त्यातली एक तार कुठे घासून बॉडीला लागली, की अनेक गाड्यांत ती सगळी ओळ कोसळते आणि चांगला संगणक मेल्याचं सोंग घेतो. मग एकेका सेन्सरचा कपलर काढत जायचं. एखादा कपलर काढल्यावर चेक लाइट उजळला, तर चोर त्या वाटेवर आहे.

व्हॅनवाल्यांच्या गाडीत मात्र वेगळंच निघालं. मेकॅनिकने ईसीएमच्या कपलरवर मल्टिमीटर लावला होता आणि मीटर बारा व्होल्ट दाखवत होता. ‘पुरवठा ठीक’, शक्यता बाद. प्रत्यक्ष प्रमाणच की! पण मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. तार कुजून एका पदरावर लटकत असली, तरी तो बारा व्होल्टच दाखवतो. नळाला बोट लावून ओलं लागलं, म्हणजे बादली भरेल असं थोडंच आहे? शेवटी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर बाजूला ठेवला आणि त्याच तारेवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. या बल्बला सुमारे पावणेदोन अँपिअर लागतात. तो काजव्यासारखा मिणमिणला. तार मागे मागे बघत गेले, तर बॅटरीजवळच्या जोडात पाणी शिरून तांबं हिरवं पडलं होतं. तार बदलली, गाडी सुरू. (एक सूचना: असा बल्ब फक्त पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या तारांवर लावायचा, तोही कपलर ईसीएममधून काढून. सेन्सरच्या तारांना लावलात, तर चांगला ईसीएम तुम्हीच माराल.) अर्थिंगसाठी सेल्फ मारताना ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजतात. ते ०.२ व्होल्टच्या वर गेलं, की शंका घ्यावी.

स्कॅनर बोलत असला, तरी प्रश्न संपत नाही. समजा पी ०३३५ हा कोड आला. लोक वाचतात, ‘क्रँक सेन्सर खराब’. कोड म्हणतो एवढंच, की त्या सर्किटमधून मला हवी ती खूण येत नाही. बोलणारा मुका, मधली तार तुटकी, की ऐकणारा बहिरा? शब्दप्रमाणाला आप्त लागतो. इथे साक्षीदार हाच संशयित आहे. पी ०६०१ आणि पी ०६०६ या ईसीएमच्या स्वतःविषयीच्या तक्रारी, एक स्मृतीची, एक प्रोसेसरची. त्यांना वजन द्यावं, पण पुरवठा तपासून, कोड पुसून, तो पुन्हा येतो का हे पाहिल्यावर.

ईसीएम खरोखर जातातही, बरं का. चार कॉइलपैकी एकीला हुकूमच येत नाही, तिघी चालू आहेत, तार ईसीएमपर्यंत सलग आहे: आता उरला तो आतला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर. पण तो जळला कशाने? कॉइलच शॉर्ट असेल आणि ती तशीच ठेवली, तर नवा ईसीएमही त्याच वाटेने जाईल. बॅटरी न काढता गाडीवर केलेलं वेल्डिंग, उलट्या वायरी लावून दिलेला जंप स्टार्ट, डब्यात शिरलेलं पाणी, ही आणखी काही कारणं.

बदलायचाच असेल, तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. इमोबिलायझर असलेल्या गाडीत डबा नुसता बसवून भागत नाही, किल्ल्यांची नोंद करावी लागते. भंगारबाजारातला ईसीएम तुमची किल्ली ओळखत नाही. बऱ्याचदा जुन्यातली माहिती त्यात उतरवून घ्यावी लागते.

नवा बसवला आणि गाडी सुरू झाली. सिद्ध झालं? अजून नाही. हा फक्त अन्वय. कपलर काढून घालताना पिना घासल्या जातात, गंज सुटतो, आणि दोष तेवढ्यानेही जाऊ शकतो. व्यतिरेक म्हणजे जुना परत लावून दोष परत येतो का हे पाहणं. इमोबिलायझरमुळे हे दर वेळी जमत नाही, म्हणून खरेदीच्या आधीच जुना काढा, पिना साफ करा, पुन्हा लावा आणि चारदोन दिवस गाडी चालवून बघा. आणि बदललाच, तर जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. वर तारीख लिहून निदान महिनाभर घरी ठेवा. तोच दोष पुन्हा आला, तर जुन्याची दुरुस्ती करून घेता येते, नाहीतर आतली माहिती तरी कामाला येते.

आता प्रश्न घेऊ.