दृष्टीचे मोजमाप

दिवसा वर्तमानपत्र सहज वाचणारी एखादी मुलगी तिन्हीसांज झाली, की घरच्या उंबरठ्यालाही अडखळते. घरचे तिला वेंधळी म्हणतात. नेत्रतपासणीत मात्र ती तक्त्यावरील शेवटची ओळदेखील अचूक वाचते. मग तिची तक्रार खरी की खोटी?

या प्रश्नाचे उत्तर दृष्टिपटलाच्या रचनेत आहे. डोळ्याच्या आतील या पातळ पडद्यात प्रकाश ग्रहण करणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे १२ कोटी दंडाकार पेशींमुळे मंद प्रकाशात दिसते. सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशींमुळे रंग व बारकावे दिसतात. तक्ता वाचताना परीक्षा होते, ती मुख्यतः पटलाच्या मध्यभागी दाटलेल्या शंक्वाकार पेशींची. उरलेल्या विस्तीर्ण भागाविषयी तक्ता काहीच सांगत नाही.

‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ या आनुवंशिक विकारात बहुधा दंडाकार पेशी आधी निकामी होतात. साधारणपणे चार हजारांत एका व्यक्तीला हा विकार होतो. आरंभी रातांधळेपणा येतो. पुढे दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आकसत जाते आणि नळीतून पाहावे तसे दिसू लागते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला रातांधळेपणा योग्य उपचाराने बरा होतो. हा तसा बरा होत नाही. म्हणूनच नेमके निदान महत्त्वाचे ठरते.

प्रकाश पडताच दृष्टिपटलात अतिशय सूक्ष्म विद्युतसंकेत निर्माण होतो. स्वीडनमधील फ्रिथिओफ होल्मग्रेन यांना १८६५ मध्ये बेडकाच्या डोळ्यात तो आढळला. १९४५ मध्ये त्याच देशातील गोस्ता कार्पे यांनी रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णांत हा संकेत जवळजवळ नाहीसा झालेला असतो, हे दाखवून दिले. या संकेताचा आलेख काढण्याच्या पद्धतीला ‘इलेक्ट्रोरेटिनोग्राफी’ म्हणतात.

या तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात व रुग्णाला किमान २० मिनिटे अंधारात बसवतात. बुबुळाला स्पर्श करणारा बारीक धागा किंवा विशिष्ट भिंग यांच्या साहाय्याने संकेत टिपला जातो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यासमोर अगदी मंद झोत चमकवला, की दंडाकार पेशींचे कार्य कळते. नंतर डोळे उजेडाला सरावू देऊन सेकंदाला ३० वेळा प्रकाश लुकलुकवतात. या वेगाशी दंडाकार पेशींना जुळवून घेता येत नाही. त्यामुळे येणारा प्रतिसाद शंक्वाकार पेशींचा असतो. अशा रीतीने दोन्ही पेशींचे कार्य वेगवेगळे मोजता येते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. विकार वाढल्यावर संकेत इतका क्षीण होतो, की यंत्राला तो टिपता येत नाही. तरीही रुग्णाला थोडेफार दिसत असते. अशा वेळी संपूर्ण दृष्टिक्षेत्रावर प्रकाश चमकवून, जाणवणारा सर्वांत मंद प्रकाश कोणता, हे रुग्णालाच विचारतात.

आता या मोजमापाला आणखी एक अर्थ आला आहे. ‘आरपीई ६५’ या जनुकातील दोषावरील जनुकीय उपचाराला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तो सर्व रुग्णांसाठी नाही. या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्या आणि दृष्टिपटलात पुरेशा जिवंत पेशी उरलेल्या रुग्णांनाच तो देता येतो. त्याचा परिणाम पाहताना केवळ अक्षरे वाचून घेतली नाहीत. १ ते ४०० लक्स अशा निरनिराळ्या उजेडात, अडथळे असलेल्या वाटेवरून रुग्णांना चालवून पाहिले गेले. रोजच्या जगण्यातील अडचण अशा प्रकारे शास्त्राच्या मोजपट्टीवर आली.

अनेक आनुवंशिक नेत्रविकारांवर अद्याप खात्रीचा इलाज नाही. तरीही निदानामुळे शिक्षण, व्यवसाय आणि प्रवास यांचे नियोजन वेळीच करता येते. कुटुंबातील इतरांची तपासणीही करता येते. आणि उंबरठ्याला अडखळणाऱ्या त्या मुलीच्या बोलण्याला पुरावा मिळतो. तिचे अडखळणे हा वेंधळेपणा नव्हता, हे तिच्या घरच्यांनाही कळते.