नगराध्यक्ष नसलेले गाव : लॉस एंजेलिस काउंटीचा कारभार



जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील वणव्यांची दृश्ये आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली. ज्यांची मुले-नातवंडे त्या बाजूला आहेत, त्यांनी रात्री-अपरात्री फोन फिरवले. बातम्यांत दोन नावे सारखी येत होती, पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडीना. आपण दोन्हींना 'लॉस एंजेलिस' म्हटले आणि पुढे गेलो. प्रत्यक्षात पॅलिसेड्स हा लॉस एंजेलिस शहराचा भाग असून त्याला महापौर आहे. अल्टाडीना मात्र कोणत्याच शहरात मोडत नाही. सुमारे ४३ हजार वस्तीच्या त्या गावाला नगराध्यक्ष नाही आणि नगरपालिकाही नाही. मग तेथे पोलीस कोणाचे, अग्निशमन दल कोणाचे, घर बांधायला परवानगी कोण देते? या सगळ्यांचे उत्तर एकच आहे, काउंटी. ही काउंटी म्हणजे काय आणि तिचा कारभार कसा चालतो, हे आज पाहू.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असे आपण सोयीसाठी म्हणतो. आकारापुरते ते बरोबर आहे. लॉस एंजेलिस काउंटीची जमीन सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर भरते. आपला बेळगाव जिल्हा तिच्याहून मोठा, १३,४०० चौरस किलोमीटरच्या वर. लोकसंख्येत मात्र चित्र उलटते. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात जवळपास ४८ लाख माणसे होती. २०२० च्या अमेरिकन जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटी १४ हजार. अमेरिकेतली ही सर्वांत मोठ्या लोकसंख्येची काउंटी. तिकडच्या बहुतेक राज्यांचीही लोकसंख्या हिच्याहून कमी आहे.

ही सगळी माणसे सारखी पसरलेली नाहीत, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. काउंटीच्या मधोमध सॅन गॅब्रिएल डोंगरांची रांग आडवी गेली आहे. तिचे सर्वांत उंच शिखर, माउंट सॅन अँटोनियो, ३,००० मीटरच्या वर आहे. रांगेच्या दक्षिणेला पॅसिफिक महासागरापर्यंत उतरत जाणारे सपाट खोरे असून बहुतेक वस्ती तेथे आहे. उत्तरेला मोहावी वाळवंटाची कड लागते आणि लँकेस्टर, पामडेल ही शहरे त्या बाजूला आहेत. समुद्रातली सांता कॅटालिना आणि सॅन क्लेमेंटे ही बेटेही याच काउंटीत मोडतात. अल्टाडीना डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. शरद आणि हिवाळ्याच्या दिवसांत वाळवंटाकडून कोरडे, जोरदार वारे डोंगर उतरून समुद्राकडे धावतात. त्यांना सांता आना वारे म्हणतात. पाऊस लांबलेला असला आणि हे वारे सुटले, की पायथ्याच्या गावांना धोका ठरलेलाच.

काउंटीच्या सीमाही कायमच्या नव्हत्या. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्य झाले, तेव्हाच्या पहिल्या २७ काउंट्यांपैकी ही एक. पुढे तिच्यातून सॅन बर्नार्डिनो निघाली, कर्नला काही भाग गेला आणि १८८९ मध्ये ऑरेंज काउंटी वेगळी झाली. ऑरेंजचा निर्णय त्या भागातल्या मतदारांचा कौल घेऊन झाला. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी वाटेल.

काउंटीच्या पोटात ८८ शहरे आहेत. त्यांत ३९ लाख वस्तीचे लॉस एंजेलिस आहे, तसेच कारखान्यांनी भरलेले, जेमतेम दोन-सव्वादोनशे रहिवाशांचे व्हर्ननही आहे. प्रत्येकाची नगरपरिषद स्वतंत्र. तिकडे जाऊन आलेल्या मंडळींनी आर्टेशिया या छोट्या शहरातला पायोनियर रस्ता पाहिला असेल. साड्यांची, मिठाईची, किराण्याची आपल्या लोकांची दुकाने तेथे ओळीने आहेत. साडेसोळा हजारांच्या आतल्या या शहराची नगरपरिषद स्वतःची आहे, पण पोलीस काउंटीच्या शेरीफचे, अग्निशमन दल काउंटीचे, वाचनालयही काउंटीचे. शाळांचे मंडळ आणखी वेगळे, शेजारच्या गावांसह निवडलेले. १९५४ मध्ये जवळच्या लेकवुडने शहर होताना ही पद्धत सुरू केली. शहराचा दर्जा घ्यायचा, आणि पोलिसांसारख्या सेवा पैसे मोजून काउंटीकडून घ्यायच्या. पुढे अनेक गावांनी तिचे अनुकरण केले. आर्टेशियाहून थोडे पुढे गेले की बुएना पार्कचे जैन मंदिर लागते, पण तोवर आपण ऑरेंज काउंटीत शिरलेलो असतो. किराणा एका काउंटीत आणि दर्शन दुसऱ्या काउंटीत, हा तिथल्या आपल्या लोकांचा नेहमीचा प्रवास आहे.

या ८८ शहरांच्या बाहेर जे उरते, ते 'शहराबाहेरचे क्षेत्र'. काउंटीची निम्म्याहून जास्त जमीन आणि सुमारे दहा लाख माणसे त्यात आहेत. त्यांची नगरपालिका म्हणजे काउंटीच. बेळगावकरांना हे समजणे अवघड नाही. कॅम्पातला रस्ता ओलांडून शहरात आले की कँटोन्मेंट बोर्डाची हद्द संपते आणि महापालिकेची सुरू होते; रस्ता दिसायला एकच असतो. अल्टाडीना आणि शेजारचे पॅसाडीना शहर यांच्यातही तसेच आहे. पॅसाडीना १८८६ पासून शहर आहे. अल्टाडीना वेगळे राहिले. तेथे एक नगर समिती आहे, पण ती फक्त सल्ला देते, हुकूम काढू शकत नाही.

आता कारभार पाहू. आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकार नेमते आणि जिल्हा परिषद लोक निवडतात. तिकडे काउंटीचा कारभार पाच निवडलेल्या सदस्यांचे मंडळ पाहते. त्यांना सुपरवायझर म्हणतात. परीक्षेच्या वर्गावर फिरणारा सुपरवायझर कृपया डोळ्यांपुढे आणू नका. हे पाच जण कायदेही करतात आणि अंमलबजावणीवर देखरेखही ठेवतात. ४५ अब्ज डॉलरच्या आसपासचे वार्षिक अंदाजपत्रक त्यांच्या हातात असते. १९१२ मध्ये मतदारांनी काउंटीची स्वतःची सनद मंजूर केली. अशी सनद करणारी ती अमेरिकेतली पहिली काउंटी. त्या सुमारास येथे पाच लाखांच्या आसपास लोक होते आणि सदस्य पाच होते. लोकसंख्या एक कोटीवर गेली तरी सदस्य पाचच राहिले. म्हणजे एकाच्या वाट्याला वीस लाख माणसे, गोव्याच्या लोकसंख्येहून जास्त.

मंडळाखेरीज तीन अधिकारी लोक थेट निवडतात. मालमत्तेचे मूल्य ठरवणारा अधिकारी, सरकारी खटले चालवणारा जिल्हा वकील आणि शेरीफ. मुंबईचा शेरीफ हे मानाचे पद आहे. तिथला शेरीफ मात्र हजारोंचे पोलीस दल आणि देशातले सर्वांत मोठे स्थानिक तुरुंग सांभाळतो.

डॉक्टर म्हणून माझे लक्ष आरोग्याकडे गेले. गरीब, आधार नसलेल्या माणसाची काळजी घेणे ही कॅलिफोर्नियात कायद्याने काउंटीची जबाबदारी आहे. त्यामुळे मोठी सार्वजनिक रुग्णालये काउंटीच चालवते. साथीच्या काळातले आदेशही तीच काढते. अपवाद लाँग बीच आणि पॅसाडीनाचा, कारण त्यांची आरोग्य खाती स्वतंत्र आहेत. कोविडच्या दिवसांत म्हणूनच पॅसाडीनाचे नियम आणि लगतच्या अल्टाडीनाचे नियम काही वेळा निरनिराळे होते.

निवडणुकाही काउंटी घेते. एखाद्या भाषेच्या, इंग्रजी पुरेसे न येणाऱ्या मतदारांची संख्या दहा हजारांच्या वर किंवा पाच टक्क्यांवर गेली आणि त्यांच्यातले निरक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून अधिक असले, तर त्या भाषेत मतदानाचे साहित्य देणे संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. येथे हिंदीतही साहित्य मिळते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी असलेली पंधरा टक्क्यांची अट आणि तिच्या अंमलबजावणीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी थोड्या फरकाने एक मोठा बदल मंजूर केला. सुपरवायझर पाचऐवजी नऊ होतील, आणि काउंटीचा मुख्य कार्यकारी लोक थेट निवडतील. कार्यकारीची निवडणूक २०२८ मध्ये, नऊ सदस्य २०३२ पर्यंत. बदल मंजूर झाला आणि दोनच महिन्यांनी वणवा पेटला.

७ जानेवारीला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ईटन दरीत आग लागली. अल्टाडीनाच्या पूर्व भागाला सुमारे तासाभरात घरे सोडण्याचे आदेश गेले. लेक अॅव्हेन्यूच्या पश्चिमेला, जेथे १९६० नंतर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी घरे घेतली होती, तेथे आदेश पोचायला पहाटेचे साडेतीन वाजत आले. तोवर आग तिकडे पोचली होती. ईटन वणव्यात १९ माणसे गेली, आणि एखादा अपवाद वगळता सारी या पश्चिम भागातली. नऊ हजारांहून जास्त इमारती जळाल्या. पुढे काउंटीने नेमलेल्या स्वतंत्र पाहणीत जुने नियम, आदेश देण्याच्या अधिकाराविषयी अस्पष्टता आणि अपुरे मनुष्यबळ ही कारणे पुढे आली. आदेश ठरवणे, जाहीर करणे आणि रस्त्यावर अमलात आणणे ही कामे काउंटीच्याच वेगवेगळ्या खात्यांत विभागलेली होती.

पॅलिसेड्सच्या लोकांनी आपल्या महापौरांना जाब विचारला. त्यांचा राग कितपत रास्त होता हा वेगळा प्रश्न, पण दार कोणाचे ठोठवायचे हे त्यांना माहीत होते. अल्टाडीनाच्या माणसाला वीस लाखांमागे एक असलेल्या सदस्याकडे जायचे होते. नगरपालिका नसल्याने अल्टाडीनाने आपला मोकळेपणा जपला होता, वर आणखी एक कार्यालय नको असेही तेथील पुष्कळांना वाटत होते, आणि त्यात गैर काही नव्हते. त्याची किंमत त्या एका रात्री कळली.

मुलांचा पत्ता आपण सगळे वहीत लिहून ठेवतो. त्याखाली आणखी एक ओळ लिहावी असे मला वाटते : हे घर कोणत्या शहरात आहे की काउंटीत, आणि रात्री तीन वाजता त्या गल्लीला सावध करण्याचे काम कोणाचे. पुढच्या वेळी फोनवर त्यांना एवढे विचारा. ते सांगू शकले नाहीत, तर त्यांनाही ते शोधून काढायला सांगा. आणि जमले तर, आपल्या स्वतःच्या गल्लीचेही विचारून ठेवा.