थंडीच्या दिवसांतील सायकलीची निगा

युरोपांत हिवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ पसरतात. तें तेथील सायकलींस गंजवितें. आमच्या रिसोड तालुक्यांतील रिठदकडे बर्फ नाहीं, मीठहि नाहीं. म्हणून पुष्कळ गृहस्थ निर्धास्त असतात. परंतु मार्गशीर्ष-पौषांतील पहाटेचें दंव आणि काळ्या मातीची धूळ यांची जोडी कांहीं कमी नव्हे.

सर्वांत मोठा अपराध म्हणजे धुळकट साखळीवर तेलाची धार सोडणें. संस्कृतांत तेलास ‘स्नेह’ म्हणतात; तो धुळीशींहि तितकाच जडतो, आणि तें मिश्रण कानशीसारखें दांते झिजवितें. आधीं घासलेटाच्या फडक्यानें साखळी पुसावी, वाळूं द्यावी, मग प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब सोडून वरचें तेल टिपून घ्यावें. वंगण आंत हवें, बाहेर नको. चाकाच्या धांवेस मात्र तेलाचा हात लावूं नये. ब्रेक घसरतो, आणि उतारावर तें जिवावर बेततें.

जोराच्या फवाऱ्यानें धुण्याची नवी हौस मला मुळींच पसंत नाहीं. पाणी आंसांत शिरून ग्रीस निघून जातें. दंवाच्या वेळीं हरभऱ्यांत सायकल आडवी टाकूं नये. त्या पानांवरची आंब हें आम्लच होय. घरीं येतांच कोरड्या फडक्यानें दंव पुसून घ्यावें.