पान पिवळे पडले, पण कोणते?



पिकाने पिवळा रंग धरला की आपला हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. तुम्हाला कशाला नावे ठेवू? मीही त्यातलाच होतो. नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. नीरेच्या कालव्याखालच्या एका गावी दीड एकर उन्हाळी भुईमूग महिन्याभरात हळदीसारखा पिवळा झाला. बियाणे उसनवारीवर आणलेले. मी बांधावरूनच पाहिले आणि सांगून टाकले, "आबा, नत्र कमी पडलंय. युरिया द्या आणि वर पाणी सोडा."

दहा दिवसांनी पुन्हा गेलो, तर शेंड्याची पाने पिवळ्याची पांढरट झालेली. आबा गप्प होते. बोलल्या त्या काकू. "साहेब, पाणी साचतं तिथं जास्त पिवळं हाय. आन् पल्याड शेणखताचा ढीग व्हता, तिथला गोल बघा, हिरवागार." मग मी जे आधी करायला हवे होते ते केले. वाफ्यात उतरलो, खाली बसलो आणि पान हातात घेतले. जुनी, खालची पाने हिरवी होती. पिवळी होती ती कोवळी पाने, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या. नत्राची नव्हे, ती लोहाची कमतरता होती.

यातले मर्म असे. नत्र झाडात फिरते. ते कमी पडले की म्हातारे पान आपल्यातले काढून कोवळ्याला देते आणि स्वतः पिवळे पडते. घरात आई करते तसेच. पालाशाचेही तसेच, फक्त त्यात जुन्या पानांच्या कडा करपतात. लोहाचे मात्र भिंतीत पुरलेल्या पैशासारखे आहे. जुन्या पानात गेलेले लोह नव्याला सहसा मिळत नाही, म्हणून उपासमार शेंड्याला होते. गंधकाच्या कमतरतेतही कोवळे पान पिवळे पडते, पण शिरांसकट सगळे सारखेच.

गावात याला सरसकट 'केवडा' म्हणतात आणि तिथेच फसगत होते. बाजरीचा केवडा बुरशीमुळे होतो. भेंडीचा केवडा विषाणूचा असून पांढरी माशी तो पसरवते. त्यात शिरा पिवळ्या होतात. लोहाच्या केवड्यात नेमके उलटे, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. भेंडीचे रोगट झाड उपटून टाकावे लागते. त्याला लोह पाजून उपयोग नाही.

आता जमिनीत लोह नसते काय? आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते भरपूर असते, पण गंजलेल्या रूपात, मुळांना न उचलता येणारे. शेतातला पांढरा खडा घेऊन त्यावर लिंबू पिळून पाहा. बुडबुडे आले तर तो चुना. अशा जमिनीत पाणी साचले की लोह आणखी अडते. पुढची पाळी मिळेल की नाही या धास्तीने आपण भरमसाट पाणी देतो आणि केवडा वाढवतो. आबांच्या रानात युरियासोबत पाणी सोडायला मीच सांगितले होते, हे ध्यानात घ्या.

पैसे खर्चण्याआधी परीक्षा करा. तांब्याभर, म्हणजे एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट विरघळवा आणि पाच-सहा झाडांच्या पिवळ्या पानांना कापसाने लावा. आठवडाभरात तिथे हिरवे डाग उमटले, तर निदान पक्के. मग 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, या प्रमाणात द्रावण करा. ते गाळून सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. त्यात कीडनाशक मिसळू नका. खडे हिरवे पाहून घ्या. तांबूस, गंजकट झालेला माल दुकानदाराने कितीही स्वस्त दिला तरी परत करा. नवी पाने पुन्हा पिवळी निघतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी लागते, कधी तिसरीही.

उसाला, विशेषतः खोडव्याला, हिराकस जमिनीतून द्यायचे असेल तर हेक्टरी 25 किलो घ्या, पण नुसते टाकू नका. चुनखडीत ते लगेच गंजते. दहापट शेणखतात मिसळून, ओलावा देऊन आठवडाभर सावलीत मुरवा आणि मग सरीत द्या. काकूंच्या हिरव्या गोलाचे गुपित हेच. आता बाजारात चिलेटेड लोह मिळते. त्यातला ई.डी.टी.ए. प्रकार फवारणीला चालतो, पण चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. जमिनीतून द्यायचा तर ई.डी.डी.एच.ए. प्रकार मागा. महाग आहे, म्हणून आधी वरची परीक्षा कराच.

आबांचा भुईमूग दोन फवारण्यांनी हिरवा झाला, पण आऱ्या सुटायच्या ऐन वेळी त्याने ताण सोसलेला होता. शेंगा भरल्या, तरी बियाण्याची उसनवारी फेडून हाती फारसे उरले नाही. पुढल्या वर्षी त्यांनी पेरणीआधी मातीचा नमुना तपासून घेतला आणि वाफ्यांऐवजी रुंद वरंबे केले. मी गेलो की काकू चहा ठेवत आणि मला आधी रानात पिटाळत, "बांधावरनं नगा बघू."