लोणारला आलेला पाहुणा दहा मिनिटांत का परत जातो? गाव दाखवायचं काम आपणच शिकून घेऊ

लोणार : दिवाळीच्या सुट्टीत सरोवराच्या काठावर जरा उभं राहून बघा. गाडी येते, चार-पाच माणसं उतरतात, मोबाइल काढून फोटो घेतात. त्यातलं एखादं पोरगं म्हणतं, "बाबा, नुसतं तळंच तर आहे." दहा मिनिटांत गाडी मेहकरच्या नाहीतर मंठ्याच्या रस्त्याला लागते. दैत्यसूदनाचं मंदिर राहिलं, धार राहिली, गावात कुणाच्या हॉटेलात चहासुद्धा झाला नाही.

यात पाहुण्याचा दोष नाही. वरून ते तळ्यासारखंच दिसतं. हे काय आहे, ते शेजारी उभं राहून सांगणारं कुणीतरी लागतं.

मी शेती करतो आणि बातम्या देतो. ओळखीच्या माणसांचे फोन येतात, "भाऊ, आमचे पाहुणे येऊन राहिले, जरा फिरवून आणता का?" वेळ असला की जातो. पैसे घेत नाही. आता गावातली कॉलेजची पोरंही विचारतात की आम्हाला असं करता येईल का, काय सांगायचं, कसं फिरवायचं. म्हणून हा लेख.

हे काम फक्त आपल्याकडंच चालतं असं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १९९२ साली लिन ब्रूक्स नावाच्या बाईंनी 'बिग ॲपल ग्रीटर' ही संस्था सुरू केली. न्यूयॉर्क म्हणजे महाग आणि धोक्याचं शहर, अशी बाहेरच्यांची समजूत. तिथलेच रहिवासी पाहुण्यांना आपली गल्ली, आपला बाजार, आपलं खाणं दाखवतात. फी नाही, बक्षिशी नाही, आणि एका वेळी घोळका नाही, मोजकीच माणसं. पुढं जगातल्या कितीतरी शहरांनी हीच पद्धत उचलली. त्यातला माणूस स्वतःला गाइड म्हणवत नाही. मी इथं राहतो, चला दाखवतो, एवढंच त्याचं म्हणणं.

आता आपली चूक सांगतो. आपली म्हणजे माझीच.

"तिसऱ्या नंबरचं"

लहानपणापासून ऐकत आलो, लोणार हे उल्कापातानं झालेलं जगातलं तिसऱ्या नंबरचं सरोवर. मीही वर्षानुवर्षं तेच सांगायचो. एकदा नागपूरकडचे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पहिलं आणि दुसरं कोणतं?" मला सांगता येईना. ते हसले नाहीत, पण मला घाम फुटला. घरी येऊन शोधलं, तर तिसरं-बिसरं काही नाही. आपल्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर १८० किलोमीटरच्या आसपास आहे. आपलं नाव अशा यादीत पार खाली लागतं.

'जगातलं एकमेव बेसाल्टमधलं' हेही तसंच. ब्राझीलमध्ये वार्जेआओ डोम नावाचं विवर बेसाल्टमध्येच आहे आणि ते आपल्याहून मोठं आहे. खरं सांगायचं तर असं सांगा: आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, उल्का आदळून झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, आणि त्यात लोणार चांगलं टिकलेलं आहे. चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागावरही बराचसा बेसाल्टच आहे, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारचे दगड तपासतात. हे खरंही आहे, आणि 'तिसऱ्या नंबर'पेक्षा जास्त भारी आहे.

आधी हे ज्वालामुखीचं तोंड असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटायचं. १९७३ साली अमेरिकेतल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांनी मिळून इथल्या दगडात जबर धक्क्यानं तयार झालेली काच असल्याचं मांडलं. तशी काच ज्वालामुखीनं होत नाही, आदळण्यानं होते. वय विचारलं तर दोन्ही आकडे सांगा. जुन्या मोजणीनं सुमारे ५२ हजार वर्षं. नंतर दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. पुस्तकात, पाट्यांवर जुनाच आकडा बघून पाहुणा गोंधळतो, म्हणून दोन्ही माहीत पाहिजेत.

कथा सांगायची नाही असं मात्र नाही. लवणासुर इथं जमिनीखाली लपला होता, विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते झाकण लांब डाकेफळजवळ जाऊन पडलं, तीच तिथली टेकडी. ही कथा जुन्या गॅझेटियरमध्येसुद्धा नोंदलेली आहे. आभाळातून उल्का पडली, की जमिनीवरचं झाकण उडालं? दोन्ही ऐकून पोरं डोळे मोठे करतात. फक्त कुठं कथा संपली आणि कुठं शास्त्र सुरू झालं, हे बोलताना कळलं पाहिजे. मोठ्या मारुतीच्या निजलेल्या मूर्तीचंही तसंच. ती उल्केच्या दगडाची आहे असं 'लोक म्हणतात', एवढंच मी म्हणतो.

फिरवायचं कसं

बहुतेक जण पाहुण्याला आधी काठावर नेतात. मी आधी गावातल्या दैत्यसूदन मंदिरात नेतो, सकाळी. भिंतीवरचं कोरीव काम कोवळ्या उन्हात नीट दिसतं. आत दैत्यावर उभा असलेला विष्णू पाहिला की लवणासुराची कथा सांगायला सोपं जातं. हे मंदिर भारतीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. भिंतीवर नाव कोरणं, मूर्तीला इजा करणं यासाठी १९५८ च्या कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, हसत हसत.

तिथून धारेवर. गोमुखातून पडणारं गोडं पाणी आणि खाली तळ्यात खारं पाणी, ही गंमत पाहुण्याला स्वतःला कळू द्या. आपण लगेच सांगून टाकलं की त्यातली मजा जाते. मग काठावरून सरोवर दाखवा. आता त्याच पाहुण्याला ते नुसतं तळं वाटत नाही. वेळ उरला तर मोठा मारुती आणि त्याच्याजवळचं अंबर तळं.

खाली उतरायचं की नाही, हे जागेवर ठरवू नका, आदल्या दिवशी फोनवर ठरवा. मी एकदा एप्रिल महिन्यात पुण्याच्या एका काका-काकूंना साडेअकरा वाजता खाली नेलं. उत्साह माझाच होता. काकांचे गुडघे दुखत होते, ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. पाण्याची एकच बाटली. काठापासून तळ सुमारे १३७ मीटर खोल आहे. उतरताना काही वाटत नाही, चढताना कळतं. अर्ध्या वाटेवर काका खाली बसले, डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाले. मी वर पळत जाऊन पाणी आणि गावातली दोन पोरं घेऊन आलो. वर यायला दोन तास गेले. काकूंनी मला एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून गुडघे, बीपी, शुगर, सगळं आधी विचारतो. उन्हाळ्यात ९ नंतर कुणालाच खाली नेत नाही. पायात चप्पल असली तरी नाही. आणि २००० सालापासून हे वन्यजीव अभयारण्य आहे, तर त्या दिवशी खाली जायची परवानगी, वेळ, तिकीट हे वनविभागाच्या माणसाला विचारूनच निघायचं. तिथला दगड खिशात घालायचा नाही. पाहुणा एक उचलतो, तुम्ही वर्षाला शंभर पाहुणे नेता, हिशेब करा.

बाईमाणूस एकटी येणार असेल तर मी घरच्यांना सोबत घेतो, नाहीतर दुसऱ्या ओळखीच्या बाईला विचारतो. गावातल्या मुलींनाही हे काम जमतं, पण त्यांनीही दोघीदोघींनी जावं, आणि कुणासोबत, कुठं, किती वेळ, हे घरी सांगून जावं. पाहुणा परदेशी असला आणि प्रेमानं घरी मुक्कामाला ठेवला, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. पोलीस स्टेशनला आधी विचारून घ्या, मागून धावपळ नको.

फुकट दाखवलं तर कुणाचं नुकसान?

हा प्रश्न मला पोट भरण्यासाठी गाइडचं काम करणाऱ्या एका भावानंच विचारला. चौकात सगळ्यांसमोर. "तुम्हाला शेती हाय, तुम्ही हौसेनं दाखवता. आमची चूल याच्यावरच हाय ना." मला राग आला होता, पण रात्री विचार केला तर त्याचं बरोबर होतं. शहरात हजारो पाहुणे येतात, तिथं हौशी माणसानं चारजणांना फिरवलं तर गाइडला फरक पडत नाही. आपल्याकडं सुट्टीचे दिवस सोडले तर मोजकेच येतात.

मग आम्ही दोघांनी चहावर बसून ठरवलं. बस, सहली, मोठे ग्रुप, हॉटेलवाल्यांनी पाठवलेली माणसं त्याच्याकडं. माझ्याकडं ओळखीचे, सोयरे, अभ्यासाला आलेले विद्यार्थी, तेही पाच-सहाच्या वर नाहीत. पाहुण्यानं जबरदस्तीनं पाचशेची नोट पोराच्या हातात कोंबली तर ती परत करायची आणि म्हणायचं, जेवण गावातच करा. ठेचा-भाकरीची एक थाळी गावात खाल्ली तरी तो पैसा इथंच राहतो. हे ठरलेलं अजून तरी चालू आहे. कधी मी विसरतो, कधी तो चिडतो. ज्याला पुढं हाच धंदा करायचा आहे त्यानं केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या ऑनलाइन गाइड प्रशिक्षणाची चौकशी करावी. हौस आणि धंदा मिसळून अर्धवट फिरू नये, एवढं माझं मत.

आपला हंगाम आणि पाहुण्यांचा हंगाम एकच, ही खरी अडचण. दसऱ्यापासून गर्दी सुरू होते आणि तेव्हाच सोयाबीन काढायला आलेलं असतं. थ्रेशर दारात उभं असताना मी कुणाला हो म्हणत नाही. जमत नसेल तर सरळ नाही म्हणा, घाईत अर्धं गाव दाखवण्यापेक्षा ते बरं.

आणि पोरांसाठी एक युक्ती. निघताना घरून हळदीचा कागद न्या. साध्या पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवायचं, पट्ट्या कापायच्या. तळ्याकाठी पोचलात की पट्टीचं टोक पाण्यात बुडवायला सांगा. हे पाणी नुसतं खारं नाही, अल्कधर्मीही आहे, म्हणून पिवळी हळद लालसर होते. मग धारेच्या पाण्यात दुसरी पट्टी बुडवलेली असेल तर ती पिवळीच राहिलेली दाखवा. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. ते मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत जागा मिळाली. हे सगळं त्या लाल पट्टीवरून सांगता येतं. पट्ट्या मात्र परत खिशात घालायच्या, पाण्यात टाकायच्या नाहीत. मागच्या वेळी एका पाचवीतल्या पोरीनं ती पट्टी वहीत चिकटवून नेली, आणि तिच्या बापानं संध्याकाळी फोन करून विचारलं, गावात राहायची सोय कुठं होईल.